वेशीवरचे रुंद महाराज

शिसवगडच्या वेशीवर नवा पडदा लागला आणि त्यावर महाराज भूपालसिंहांचा चेहरा भाकरीसारखा पसरला. चौकातल्या खांबावर दुसरा पडदा होता, उभा आणि अरुंद. त्यावर तेच महाराज दोडक्यासारखे लांबले. बाजारातल्या बायका तोंडाला पदर लावून हसताना महाराजांनी स्वतः पाहिल्या.

संगणकशाळेचे प्रमुख बळवंतराव दरबारात उभे राहिले. "महाराज, दोष ड्रायव्हरचा आहे."

"मग त्याला फटके द्या."

"तो माणूस नाही, महाराज. चित्र पडद्यापर्यंत नेणाऱ्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. सगळ्या पडद्यांना तो एकच. पडदा कसाही असो, चित्र ताणून काठोकाठ भरायचं, एवढंच त्याला येतं."

"ताणू नका."

"मग कापावं लागेल. पगडी जाईल."

"पगडीला हात लावाल तर याद राखा."

"न ताणता, न कापता बसवलं तर कडेला काळ्या पट्ट्या उरतात."

"मी जिवंत असताना काळ्या पट्ट्या?" महाराज कडाडले. "ताणायचं नाही, कापायचं नाही, काळं दिसायचं नाही. संध्याकाळी मीनागडचे राजे येताहेत. तोवर जमलं नाही, तर सगळी संगणकशाळा उद्यापासून हत्तीखान्यात शेण भरेल."

बळवंतराव घाम पुसू लागले. तेवढ्यात मागून मैना पुढे आली. ती कोष्ट्याची मुलगी, संगणकशाळेत नुकतीच लागलेली. हत्तीखान्यात जायची तिची मुळीच इच्छा नव्हती.

"महाराज, एक विचारू? घोड्यावर सिंहासन ठेवून कधी स्वारीला गेलात?"

बळवंतरावांनी कपाळाला हात लावला.

"घोड्यावर खोगीर असतं, मुली."

"आणि हत्तीवर?"

"अंबारी. मी तोच, बैठक वेगळी. त्यात काय?"

"हेच ड्रायव्हरला कळत नाही, महाराज. तो सगळीकडे सिंहासनच घेऊन जातो. समोर कोणत्या बनावटीचा पडदा आहे ते ओळखायला मी त्याला शिकवते, आणि प्रत्येकासाठी त्याच्या मापाचा पर्याय घालते. चेहरा जसाच्या तसा राहील."

"आणि उरलेली जागा?"

"ती कुणाला द्यायची, ते मला ठरवू द्या."

"दिली. पण काळं दिसलं, तर शेण."

मैना दुपारभर कामाला बसली. मधेच राणीवशात जाऊन काहीतरी मागून आली. बळवंतरावांनी विचारलं, तर नुसती हसली.

संध्याकाळी दोन्ही राजे चौकात आले. उभ्या पडद्यावर महाराज अगदी बेतशीर दिसत होते. वर फडकतं निशाण, खाली किल्ल्याचा दरवाजा. महाराजांनी मिशीवरून हात फिरवला आणि पाहुण्यांना वेशीकडे नेलं.

तिथे आडव्या पडद्यावर मधोमध महाराज, पगडीसकट, जसेच्या तसे. उजवीकडे राणीसाहेब. आणि डावीकडे, भुवया चढवून, राणीसाहेबांच्या मातोश्री.

पाहुणे राजे उगाच खोकले. महाराजांनी मैनेला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"राणीसाहेब ठीक. पण सासूबाई कशाला?"

"खबरदारी म्हणून, महाराज," मैना हात जोडून म्हणाली. "त्यांच्या शेजारी महाराज कधी पसरून बसलेत का?"

महाराजांनी पडद्याकडे पाहिलं, मैनेकडे पाहिलं, आणि असे खदखदून हसले की पगडी दोन्ही हातांनी सावरावी लागली. पाहुणे राजे तर डोळे पुसत होते.

"बळवंतराव," महाराज धाप टाकत म्हणाले, "आजपासून राज्यातले सगळे पडदे हिच्या ताब्यात." आणि गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून त्यांनी मैनेच्या हातात ठेवला.