अठ्ठावीस दोर आणि एक म्होरकी

लहानथोर मंडळी, ही गोष्ट फार जुनी, राजवाड्यात साखर पोहोचली नव्हती तेव्हाची. साऱ्या राज्याचा गोडवा तेव्हा एका उंच कड्यावरच्या आग्या मोहोळांतून येई.

मध काढणारे दोराला लोंबकळत कड्यावरून खाली उतरत. वर त्यांची म्होरकी उभी राही. ती एकेकाला नावाने हाक मारी, खालून 'ओ' येई. शेवटचे नाव झाले की पुन्हा पहिले. 'ओ' आली नाही, तर माश्या डसून माणूस बेशुद्ध पडतो आहे असे समजून दोर ताबडतोब वर ओढत. तिच्यासह असे चार म्होरके होते आणि प्रत्येकाकडे सात माणसे.

एके दिवशी प्रधान तिथे आला आणि त्या म्होरकीला म्हणाला,

"अठ्ठावीस माणसांना चार म्होरके? शेजारच्या राज्यात एकाच्या हाताखाली तीस असतात. उद्यापासून सगळे तुझ्याकडे."

"तिथे मध काढतात की मेंढरे हाकतात?" म्होरकीने विचारले. "मला सातच पेलतात, प्रधानजी. आठवा घेणार नाही."

"पद जाईल."

"न्या. पद गेले तर घरी बसेन. माणूस गेला तर तो कुठून आणू?"

प्रधान हसला. "हाका मारायला काय मोठी अक्कल लागते? मीच मारतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा पाहायला आला. अठ्ठावीस जणांनी कमरेला दोर बांधले, पण खाली कोणीच उतरेना.

"आधी इथे, सपाटीवर हाका मारून दाखवा," ते म्हणाले.

प्रधानाने खणखणीत आवाजात दोन फेऱ्या पुऱ्या केल्या. "पाहिलेत, महाराज? एकही 'ओ' चुकली नाही."

तेव्हा रांगेतला एक मिशाळ गडी पुढे आला. "पहिली 'ओ' देऊन मी दोर सोडला, झऱ्यावर गेलो, पोटभर पाणी प्यालो आणि परत येऊन दुसरी 'ओ' दिली. हात लावून बघा, मिशा अजून ओल्या आहेत. तेवढा वेळ माश्या माझी वाट बघत बसतील होय, प्रधानजी?"

राजा म्होरकीकडे वळला. "दहा तरी घे."

"नाही, महाराज. गडी नवखे असले तर पाचच घेईन."

राजाने कड्यावरून दरीत डोकावून पाहिले. मग त्याने चारही म्होरक्यांना पुन्हा आपापल्या जागी उभे केले. त्या दिवशी मध नेहमीइतकाच निघाला आणि अठ्ठावीसही जण वर आले.

तात्पर्य: जितक्यांची 'ओ' वेळेवर ऐकता येते, तितक्यांचेच पुढारपण घ्यावे; त्याहून जास्त कोणी लादले, तर राजासमोरही नाही म्हणावे.