पापडांचं मैदान

डोंगराच्या उतारावर एक गाव होतं, आणि त्या गावात एक पापडवाल्या काकू राहत होत्या. त्यांना नाव काहीतरी असणारच, पण सगळं गाव त्यांना पापडकाकूच म्हणायचं. त्यांच्या हातचा उडदाचा पापड म्हणजे काय विचारता! निखाऱ्यावर धरला की असा फुलायचा, की शेजारच्या घरातलं माणूस हातातला घास तसाच ठेवून वास घेत बसायचं. पंचक्रोशीत लग्न कुणाचंही असो, पानातला पापड काकूंकडूनच यायचा.

काकूंना एकच लेक, शेवंता. लग्नानंतर फार वर्षांनी झालेली, त्यामुळे काकू तिला फुलासारखं जपायच्या. पोर चालायला लागली तरी कडेवरून खाली उतरत नव्हती. कुणी काही बोललं तर काकू म्हणायच्या, "चालायचंच आहे की तिला जन्मभर! आत्तापासून कशाला पाय झिजवायचे?"

त्या गावातली घरं होती माळवदाची, म्हणजे वर सपाट मातीचं छप्पर. पूर्वी प्रत्येक घरची बाई आपापल्या माळवदावर पापड घालायची. डोक्यावर परात घेऊन शिडी चढायची, पापड पसरायचे, उतरायचं, दुसरी परात घेऊन पुन्हा चढायचं. संध्याकाळी गोळा करायला परत वर. काम मोठं घामाचं.

एका वर्षी ऐन पापडाच्या दिवसांत काकूंच्या शिडीची पायरी मोडली. सुतार गेला होता परगावी. आता लाटलेले पापड वाळवायचे कुठं? काकूंची नजर गेली शाळेच्या मैदानावर. गावात सपाट जमीन तेवढीच. ऊन सकाळी येतं ते संध्याकाळीच जातं. काकू गेल्या शाळेत. शाळेला गुरुजी एकच.

"गुरुजी, कोपऱ्यात एक बाज टाकू का? शिडी दुरुस्त होईपर्यंत."

"टाका की काकू. कोपऱ्याचं काय एवढं!"

शिडी दुरुस्त झाली, पण बाज काही उठली नाही. उलट एकीच्या दोन झाल्या. मग शेजारणीनं बघितलं, तिनं आपलं लुगडं पसरून त्यावर कुरडया घातल्या. मग तिच्या जावेनं सांडगे. शिडी चढायचा त्रास कुणाला हवाय? बघता बघता पूर्ण मैदान पापड-कुरडयांनी भरून गेलं, आणि मुलांना पाय ठेवायला जागा उरली नाही.

सुरुवातीला मुलं पळायची, धूळ उडायची, पापडाला माती लागायची. बायका ओरडायच्या, "अरे मेल्यांनो, डोळे आहेत का बटाटे?" मग काकूंनीच एक युक्ती काढली. मधल्या सुट्टीत सगळ्या मुलांना भिंतीच्या कडेनं ओळीत बसवलं. प्रत्येकाच्या हातात काठी. कावळा आला की बसल्या जागेवरून हाकलायचा आणि सुट्टी संपली की तेल लावलेली एक लाटी खायला घ्यायची. पापडाची लाटी म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? मुलं बसली.

आणि खरं सांगायचं तर सगळे खूश झाले. गुडघे फुटेनात, कपडे फाटेनात. पाटलीणबाईंचा दाजिबा तर आधीच गड्याच्या खांद्यावर बसून शाळेत यायचा. त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, माझं बाळ आता दमत नाही." गुरुजींनाही बरंच वाटलं. शाळा कशी अगदी शांत झाली होती.

अशी दोन-तीन वर्षं गेली. थंडी सरली की मैदान झाकायचं ते पाऊस पडेपर्यंत. आणि पावसाळ्यात मोकळं झालं तरी मुलांची बसायची सवय काही सुटली नाही. पाढे म्हणता म्हणता मुलं जांभया द्यायची. शेवंता तर शाळेतून घरी येताना चढावर जागोजाग टेकायची. काकू तिला तूप-भात भरवायच्या, मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकायच्या आणि म्हणायच्या, "दृष्ट लागली गं माझ्या बाईला. किती गुणाची! बसवलं तिथं बसते."

त्या साली चैत्रात पेठेतल्या शेटजींच्या घरी मोठं लग्न निघालं. पापडाचं सगळं काम काकूंना मिळालं. असं काम त्यांना आजवर कधी मिळालं नव्हतं. काकू पहाटेपासून लाटायला बसायच्या, शेजारणी मदतीला यायच्या. शेवटी एका दुपारी लग्नाचे सगळेच पापड मैदानात उन्हाला पडले. बाजेवर लुगडं, लुगड्यावर पापड, आणि भिंतीला टेकून मुलं.

काकू कौतुकानं बघत उभ्या होत्या. तेवढ्यात खालच्या शेतातून धुळीचा एक खांब गरगरत वर येताना दिसला.

"अगं बाई, वावटळ! पळा रे पोरांनो! लुगडी उचला, पापड गुंडाळा! पळा!"

मुलं उठली. कुणाच्या पायाला मुंग्या आलेल्या, कुणाचा पाय बधिर झालेला. चार पावलं पळाली आणि धापा टाकत वाकून उभी राहिली. दाजिबा पळालाच नाही. त्याला वाटलं, गडी येईल आणि आपल्याला उचलून नेईल. वावटळ मैदानात शिरली. पापड असे उडाले, की जणू कुणी पत्रावळींचा गठ्ठाच उधळला.

एकटी शेवंता मात्र पळत होती. आईनं हे पापड कसे लाटलेत ते तिनं पाहिलं होतं ना! पळत पळत ती मैदानाच्या पार टोकाला गेली, एका लुगड्याचं टोक तिनं धरलं आणि तिथंच कोसळली. चेहरा लालबुंद, छाती भात्यासारखी वरखाली, तोंडातून शब्द फुटेना.

काकूंच्या दोन्ही हातांत त्या वेळी लग्नाच्या पापडांची दोन भरली लुगडी होती. धरून ठेवली असती तर अर्धं काम वाचलं असतं. त्यांनी एकदा पापडांकडे बघितलं, एकदा पोरीकडे. आणि दोन्ही लुगडी सोडून त्या धावत सुटल्या.

पापड गेले दरीत. काकूंनी लेकीला उचलून घरी आणलं, तोंडावर पाणी मारलं आणि वैद्यबुवांना बोलावणं धाडलं. वैद्यबुवा आले. नाडी बघितली, जीभ बघितली, पापणी ओढून बघितली.

"काही झालं नाही. विश्रांती घेतली की उठेल. ही दिवसभर करते काय?"

"काही करत नाही हो. बसून असते. लई गुणाची आहे, जागची हलत नाही."

"तेच दुखणं आहे हिचं," वैद्यबुवा म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे पळायच्या वयात हिला बसवून ठेवलीत. दम कुठनं यायचा? तूप कितीही घाला, पचायला अंग हललं पाहिजे ना! आणि काकू, हिचं एकटीचं नाही. गावातली निम्मी पोरं माझ्याकडे हेच घेऊन येतात. पाय दुखतात, भूक नाही, झोप नाही."

"मग औषध द्या की काहीतरी."

"औषध माझ्या पिशवीत नाही. मैदानात आहे. पण त्यावर तुमचे पापड पडलेत."

वैद्यबुवा पिशवी उचलून निघून गेले. काकू लेकीच्या उशाशी बसून राहिल्या. डोळे उघडल्यावर शेवंता पहिलं वाक्य काय बोलली असेल?

"आई, माझ्याच्यानं नाही झालं गं. रागावू नकोस."

काकूंना हुंदका आवरेना. म्हणाल्या, "तुझ्याच्यानं नाही झालं असं नाही, बाळा. मीच होऊ दिलं नाही."

दुसऱ्या दिवशी काकू आधी पेठेत गेल्या आणि शेटजींना खरं काय ते सांगून आल्या. शेटजी रागावले. काम दुसऱ्या गावाला गेलं. काकूंनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि तिथून तडक शाळा गाठली.

"गुरुजी, आजपासून मैदान रिकामं. पोरांना खेळू द्या."

गुरुजी घुटमळले. "अहो काकू, परीक्षा तोंडावर आलीय. आत्ता कुठं पोरं शांत बसायला शिकलीत."

"शांत? गुरुजी, जरा नीट बघा. शांत नाहीत, पेंगतायत!"

गुरुजींनी वळून बघितलं. पहिल्या रांगेत दोघं पाटीवर डोकं ठेवून झोपले होते. मागच्या रांगेत एकाच्या तोंडावर माशी बसली होती आणि ती हाकलायलाही त्याचा हात उठत नव्हता. गुरुजी ओशाळले. म्हणाले, "रोज एक तास खेळाचा. आजपासून."

आता बायकांची समजूत घालायची होती. त्या भडकल्याच. "म्हणजे परत शिड्या? काकू, मैदानाची वाट तुम्हीच दाखवलीत आणि आता तुम्हीच अडवता होय?"

"हो, चुकलं माझं. म्हणून पहिली शिडी मीच चढते," असं म्हणून काकूंनी डोक्यावर परात घेतली आणि निघाल्या. वर पोचेपर्यंत दोनदा थांबल्या. खालून कुणीतरी हसलं, "काकू, दम लागला वाटतं?"

"लागला! तुम्हीही या, म्हणजे कळेल तुम्हालाही!" काकू वरून ओरडल्या. बायका हसत हसत पदर खोचून पराती उचलायला लागल्या. कुरकुर थांबली असं नाही, पण बाजा मैदानातून हलल्या.

खेळाचा तास आला. मैदान मोकळं, ऊन उतरलेलं. आणि मुलं कुठं? मुलं गेली आणि भिंतीला टेकून ओळीत बसली! मैदानात खेळायचं असतं हेच ती विसरून गेली होती. लहानग्यांना तर खेळ म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. गुरुजींनी सांगितलं, "खेळा रे!" मुलं एकमेकांची तोंडं बघायला लागली. एकानं विचारलं, "गुरुजी, काठी कुठाय?"

कुंपणाबाहेर काकू उभ्या होत्या. त्यांना काही राहवेना. आत आल्या, पदर खोचला, एक पाय उचलला आणि लंगडी घालत सरळ मुलांच्या अंगावर गेल्या.

"शिवलं की बाद! पळा!"

एवढ्या मोठ्या पापडकाकू एका पायावर उड्या मारत येताना बघून मुलं आधी आ वासून बघत राहिली, मग किंचाळत उठली आणि पळत सुटली. काकूंनी पहिल्यांदा शिवलं ते आपल्याच लेकीला. शेवंता बाद झाली. रडेल असं वाटलं, पण ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आई, हे बरोबर नाही. परत!"

मग काकूंनी लगोरीचे दगड रचून दिले. आट्यापाट्यांच्या पाट्या फक्कीनं आखून दिल्या. गुरुजींनाही लहानपणचा हुतूतू आठवला. त्यांनी धोतराचा काचा मारला तेव्हा तर अख्खी शाळा टाळ्या वाजवत होती.

हे सगळं एका दिवसात नीट झालं असं समजू नका. पहिले काही दिवस मुलं दमायची, पाय चेपून घ्यायची. कुणाचा अंगठा ठेचाळला, कुणी खेळात चिडून घरी गेलं. पण भूक लागायला लागली. रात्री पाठ टेकली की झोप यायला लागली. गुरुजींच्या ध्यानात आलं, की खेळून आल्यावर पोरं पाढे म्हणतात ते आवाज चढवून, आणि चुका कमी. त्यांनी परीक्षेच्या दिवसांतही खेळाचा तास मोडला नाही. काकूंचे पापड मात्र पहिल्यापेक्षा कमी होऊ लागले. माळवदावर मावतील तेवढेच. शेटजींचं काम पुन्हा आलं नाही ते नाहीच.

पुढं दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी काकू सुपात उडीद पाखडत होत्या. तेवढ्यात दारात पाटलीणबाई उभ्या. पदर कंबरेला, आवाज आभाळाला.

"काकू, तुमच्या शेवंताला आवरा! काय पोरगी आहे का वादळ?"

काकू घाबरून उठल्या. "काय केलं तिनं?"

"आट्यापाट्या खेळताना माझ्या दाजिबाला चकवून गेली! तो पकडायला धावला आणि धडपडून पडला. कोपर सोललं, नवा सदरा फाटला!"

"अरेरे! मग? रडत बसलाय का?"

पाटलीणबाईंचा आवाज खाली आला. "नाही... रडला नाही."

"गड्यानं उचलून आणलं असेल मग."

"गडी गेला होता हो उचलायला. त्यालाच ढकलून दिलं कार्ट्यानं. उठला, धूळ झटकली आणि परत तिच्याच मागं पळाला."

पाटलीणबाईंच्या ओठांचा कोपरा हलला. काकूंनी सूप खाली ठेवलं.

"मग पाटलीणबाई, तक्रार नेमकी कशाची म्हणालात?"

"सदऱ्याची!" पाटलीणबाई म्हणाल्या आणि फस्सकन हसल्या. हसता हसता त्यांनी डोळ्याला पदर लावला. "पळतो हो माझा दाजिबा. मी कधी बघितलंच नव्हतं त्याला पळताना."

काकूंनी त्यांना हाताला धरून आत घेतलं. सुई-दोरा शोधला, आणि सदरा पाठवून द्या म्हणून सांगितलं.

तात्पर्य : गप्प बसलेलं मूल गुणी वाटतं, पण ते निरोगी असेलच असं नाही. म्हणून शाळेनं खेळाचा तास मोडू नये आणि मोठ्यांनी खेळाची जागा अडवू नये. पापडाला ऊन कुठंही मिळतं, मुलांना मैदान मात्र एकच असतं.