एक्केचाळीस चिंचोके

“एकानंही नाही?” मल्हारबुवांनी विचारलं.

“एकानंही नाही, बुवा,” पद्माकर म्हणाला आणि त्यानं मठाच्या ओट्यावर खिसा रिकामा केला.

एक्केचाळीस चिंचोके.

खिंड उतरताना समोरून आलेला जो माणूस राम राम न घालता गेला, त्याच्या नावानं एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. असं करत करत तो मठापर्यंत आला होता. वरच्या गावात देवीची जत्रा, त्यामुळं वाट माणसांनी भरलेली. पण कुणाचं डोकं फोनमध्ये, कुणाच्या कानात बोंडं, कुणी उगाचच खाली मान घालून चाललेलं. पद्माकर हादरून गेला होता. ही तीच वाट, जिथं परका माणूसही ‘कुठलं गाव, पाव्हणं?’ असं विचारल्याशिवाय पुढं सरकत नसे.

हादरला होता हे खरं. थोडा खूशही होता, हेही सांगायला हवं. आठ वर्षं बुवांच्या पायाशी काढल्यावर उद्या पहिल्यांदा त्याला प्रवचनाला उभं राहायचं होतं, आणि विषय आयता हाताशी आला होता.

बुवांनी एक चिंचोका उचलला. “हा कोण?”

पद्माकरला आठवेना.

“आणि हा?”

“बाई होती एक… का दोघी होत्या…”

बुवांनी दोन्ही चिंचोके खाली ठेवले. “तू चढत होतास का उतरत?”

“उतरत,” पद्माकर म्हणाला. त्या खिंडीचा रिवाज शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. राम राम आधी उतरणाऱ्यानं घालायचा. चढणाऱ्याला दम लागलेला असतो, त्यानं नुसता हात वर केला तरी तो पोचला. पण कपाळी गंध, गळ्यात माळ, त्यात बुवांचा पट्टशिष्य. आपण आधी तोंड उघडायचं, हे त्याच्या मनालासुद्धा शिवलं नव्हतं.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “पण काही माणसं फारच मुजोर असतात, बुवा. जांभळाच्या वळणावर एक म्हातारा बसला होता. काठी वाटेत आडवी टाकलेली. मी ओलांडून आलो. टक लावून बघत होता माझ्याकडं. हात अर्धाच उचलला आणि ‘जा पुढं’ म्हटल्यासारखा खाली टाकला. तोंडातून लाळ गळत होती… प्यालेला असणार.”

बुवांचा चेहरा बदलला.

“काठी उचलली नाही त्यानं?”

“नाही.”

“बाकीची माणसं?”

“ती पण ओलांडूनच गेली.”

“कधीची गोष्ट?”

“तास झाला असेल…”

बुवा उठले. पायात वहाणासुद्धा न घालता चालू लागले. तेव्हा कुठं पद्माकरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हातारा प्यालेला नव्हता.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बुवा पुढं आणि तो मागं. जत्रेहून परतणारी माणसं खाली येत होती. बुवा चढत असूनही, धापा टाकत, प्रत्येकाला राम राम घालत होते. पहिले तिघं दचकून बाजूला झाले. हा म्हातारा आपल्याकडं काहीतरी मागणार, असंच त्यांना वाटलं असावं. चौथा मात्र थांबला. काय झालं, म्हणून त्यानं विचारलं, बुवांनी सांगितलं, आणि तो आणि त्याचे दोन सोबती तिथूनच माघारी वळले. एकाच्या खांद्यावर घोंगडी होती.

म्हातारा तिथंच होता. तोंड एका बाजूला ओढलेलं. डावा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा. काठीही तिथंच, फक्त कुणाच्या तरी पायानं कडेला सरकलेली. श्वास चालू होता.

“वारं गेलंय अंगावरनं,” घोंगडीवाला म्हणाला. “खाली जीप हाय माझी. उचला.”

घोंगडी पसरली गेली. पद्माकरनं म्हाताऱ्याच्या पाठीखाली हात घातला. म्हाताऱ्याची नजर त्याच्या कपाळावरच्या गंधाशी येऊन थांबली. ओळखलं असावं त्यानं. उजवा हात उचलला गेला, छातीपर्यंतही पोचला नाही… आणि खाली पडला.

मघासारखाच. अगदी तेवढाच.

 आपण एवढं कसं चुकलो, हेच पद्माकरला कळेना. त्यानं म्हाताऱ्याला अलगद घोंगडीवर घेतलं. 

चौघांनी घोंगडीची चार टोकं धरली. बुवांनी वाकून काठी उचलली.

“त्यानं दोनदा राम राम घातला, पद्माकरा,” ते म्हणाले. “तुझा अजून यायचाय.”