गालावरचं झबलं

शिवणयंत्रं अजून यायची होती, तेव्हाची ही गोष्ट. सगुणाबाई हातानं झबली शिवून विकायच्या. त्यांची सुई सारखी चुळबुळत असायची.

"बाई, शिवणीचे काठ बाहेर का ठेवता? बारशाला लोक माझ्या कामाला हसतील," ती म्हणाली आणि चिडून बाईंच्या बोटाला टोचली.

बाईंनी बोट चोखलं. मग झबल्याची आतली बाजू गालावर फिरवली. एका जागी काहीतरी खुपलं. "मला तू टोचलीस, बाळाला ही गाठ टोचेल," म्हणत त्यांनी ती उसवली आणि बाहेरून घातली.

बारशाला बायका हसल्याच. बाईंच्या पोलक्यात खोचलेल्या सुईनं ते ऐकलं, आणि झबल्यात गाढ झोपलेलं बाळही पाहिलं.

पुढचं झबलं शिवताना सुई पुन्हा चुळबुळली.

"बाई," ती म्हणाली, "काखेतली गाठ आत राहिली."