चांगुणाच्या तवलीत डाव नाही

एक होता राजा. पण ही गोष्ट त्याची नाही, कारण त्याला मासा शिजवता येत नव्हता. गोष्ट आहे चांगुणा कोळणीची. राजा मधेच येईल, त्याला मी काय करू? पाय गोधडीत घ्या आणि ऐका.

चांगुणाचा नवरा पोशा, होडीवाला. त्यांची एकुलती लेक मथी. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिचं अन्नच तुटलं. भात नको, पेज नको. पोर वाळून काठी झाली. वैद्य म्हणाला, "हिच्या पोटात घास जायला हवा. नाहीतर आईही जाईल आणि पोटातलं लेकरूही."

मग पोशा दर्यावर गेला. जाळ्यात आला घोळ मासा, सोन्याच्या खवल्यांचा. आणि तो बोलायला लागला, बरं का. हसू नका. तेव्हा मासे बोलायचे. आता माणसंच इतकी बडबडतात की त्यांना सवड मिळत नाही.

मासा म्हणाला, "मला तुझ्या लेकीसाठी ने. माझं कालवण खाल्लं की तिची भूक परत येईल. पण शिजताना माझा जो तुकडा मोडेल, तो वाफ होऊन दर्यात जाईल."

घरी चांगुणाने मासा कापला. शेपटी, पोटाकडची पेटी आणि मुंडी. चुलीवर तवली चढवली, आपली मातीची. तेवढ्यात पोशा म्हणाला, "सरक. मी धरलाय, मीच रांधणार. होडीवर खलाशांना मीच घालतो ना जेवायला?" त्याने शेपटी टाकली आणि वल्हं मारावं तसा डाव फिरवला. तुकडा मोडला. भस्सकन वाफ झाली, तवलीत नुसतं पाणी.

वास मात्र राजवाड्यापर्यंत गेला. मग आला राजा, मागे त्याचा आचारी. राजा म्हणाला, "असला मासा कोळणीच्या हातात देतात का? माझा आचारी करेल." राजाला नाही कोण म्हणणार? आचाऱ्याने पेटी टाकली. चांदीचा डाव घेऊन हळूच ढवळलं. तरी मोडलीच. राजाच्या मिशा वाफेने ओल्या झाल्या, बाकी काही नाही.

उरली मुंडी. आमच्यात मुंडी मासा धरणाऱ्याच्या ताटात पडते. तो त्याचा मान. पोशा खाली मान घालून म्हणाला, "माझी मुंडी मथीला वाढ. आणि तूच रांध."

चांगुणा म्हणाली, "मग चुलीपासून लांब व्हा. राजेसाहेब, तुम्हीपण."

तिने वाटण घातलं, चिंचेचा कोळ घातला, मुंडी अलगद सोडली. कालवण रटरटायला लागलं. राजा म्हणाला, "अगं, खाली लागेल, ढवळ." पोशाचा हात डावाकडे गेला. चांगुणाने तो लाकडी डाव उचलला आणि चुलीत सारला. मग पदराने तवलीचे काठ धरले आणि तवलीच गोल हलवली, पाण्यावर होडी डुलते तशी. हात भाजले. सोडली नाही. मुंडी जशीच्या तशी राहिली.

ताट मथीपुढे आलं. तिने एक घास घेतला. मग दुसरा. मग तिसरा. बोटं चाटली आणि कपाळाला आठी घातली. म्हणाली, "आये, चिंच कमी पडली."

चांगुणाने भाजलेल्या हातांनी डोळे पुसले. जेवणाला नावं ठेवणारं माणूस मरत नसतं, बरं का. ती म्हणाली, "उद्या जास्त घालीन. आता मुकाट्याने भात घे."

राजाला मागून रस्सा मिळाला. मिशी चाटत तो परत मागत राहिला.

मथीला मुलगी झाली, गुबगुबीत. ती माझी आजी. तिचं हाड घोळीच्या मुंडीवर पोसलेलं, आणि तुमचंही तिथलंच. म्हणून आपल्या घरात माशाच्या कालवणात डाव जात नाही. राजवाड्यात अजून ढवळतात आणि काटे चोखत बसतात.

सगळी सुखाने जेवली, सुखाने निजली. तुम्हीही निजा. आणि अंथरुणात ढवळाढवळ नको, झोप मोडते.