आधणातली आमसुलं

“पण मी बोललो त्यात खोटं काय होतं, महाराज?”

विश्वंभरने पुन्हा विचारलं. केशवगीर महाराज चुलीपुढे बसून सोललेले वाल धूत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

विश्वंभरला आता धीर धरवत नव्हता. खाडीकाठच्या त्या लहानशा मठात तो कितीतरी वर्षं प्रवचनाला बसायची परवानगी मागत होता, आणि महाराज दर खेपेला वाटाण्याच्या अक्षता लावत होते. पोथ्या तोंडपाठ, आवाज खणखणीत… अजून काय हवं माणसात?

आज सकाळी संधी आपल्या पायांनी चालत आली. खाडीत होडी चालवणारा तरीवाला धाकू मठात आला. त्याची लेक तापाने गेली होती आणि तेव्हापासून त्याच्या पोटात अन्न नव्हतं. महाराज अंघोळीला गेलेले. विश्वंभरने धाकूला समोर बसवून अख्खा अध्याय ऐकवला. देह नाशिवंत, आत्मा अमर, शोक करतो तो अज्ञानी.

धाकू ऐकता ऐकता उठला आणि बाहेर उंडीच्या झाडाखाली जाऊन बसला. अजून तिथेच होता. जेवायला बोलावलं तर मानही हलवीना.

“सांगा ना. खोटं होतं का?”

“नाही.”

“मग?”

“हे वाल शिजव,” महाराज म्हणाले. “तो जेवला, तर उद्यापासून तू प्रवचनाला बस.”

एवढंच ना! विश्वंभरने आधण ठेवलं आणि वाल, तिखट, गूळ, मूठभर आमसुलं, सगळं एकदमच त्यात लोटलं. शेवटी पोटात जाऊन एकच व्हायचं, मग थांबायचं कशाला? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

महाराजांनी पाहिलं. उठून उंडीखाली गेले आणि धाकूशेजारी नुसते बसले.

विश्वंभर झाकण काढी, झाकण लावी. दाराशी जाई, परत येई. महाराज काय सांगताहेत ते ऐकायला कान टवकारलेले. पण महाराज गप्प… धाकू गप्प… हा कसला उपदेश? त्याला भारी राग आला.

बऱ्याच वेळाने महाराज म्हणाले, “काय रे नाव पोरीचं?”

“चंद्री.” धाकू म्हणाला, “तापात बिरडं मागत व्हती, म्हाराज. म्यां म्हटलं, आधी बरी हो… मग करू.”

आणि तो एवढा थोरला बाप्या हमसून हमसून रडला. महाराजांनी त्याला गप्प केलं नाही.

दारात उभ्या विश्वंभरने ते ऐकलं. बिरडंच तर होतं चुलीवर! तो धावत आत गेला. दाणा बोटात चेपला. टणक. लाकडं सारली, फुंकणी फुंकून फुंकून डोळे लाल केले. पुन्हा चेपला. खडा! आंबट आधी पडलं की वाल शिजत नाहीत, हे कुठल्याही घरच्या बाईने त्याला सांगितलं असतं. आता तो चटके सोसत आमसुलं वेचून काढू लागला. प्रवचन गेलं चुलीत. ह्या माणसाच्या पानात आज बिरडं पडायला हवं.

महाराज आत आले तेव्हा तो रडकुंडीला आला होता.

“शिजत नाहीत, महाराज… सगळी आमसुलं काढली, तरी शिजत नाहीत.”

महाराजांनी पातेलं खाली उतरवलं. फडक्यात मोड आलेले, न सोललेले वाल अजून होते. ते परातीत ओतून त्यांनी परात उंडीखाली नेली, धाकूच्या पुढ्यात ठेवली आणि विश्वंभरला खुणेने पलीकडे बसवलं.

धाकू परातीकडे बघत राहिला. मग त्याने एक दाणा उचलला, अंगठ्याने साल काढली. मग दुसरा उचलला.

विश्वंभरच्या ओठांवर श्लोक आला होता. तो त्याने गिळला, आणि मान खाली घालून तोही वाल सोलू लागला.

ऊन कलायला लागलं. वाल सोलून होत आले तेव्हा विश्वंभर महाराजांकडे वळून हळूच म्हणाला, “ती आमसुलाची बरणी… खाडीत टाकून देऊ?”

“राहू दे,” महाराज म्हणाले. “वाल शिजले, की लागेल.”