अकरावी ओळ

"बाई, चाळीस वर्षं त्या कचेरीत गेली नसती, तर किती लिहिलं असतं तुम्ही?"

लागीसोलियाबाई चटई विणत होत्या. हात थांबले नाहीत.

सामोआच्या सावाई बेटावर त्यांना सगळे ओळखत. थोड्याशा कविता, आणि जन्ममृत्यूची सरकारी नोंदवही, एवढाच त्यांचा संसार. मोठ्या वादळानंतर गावोगाव पायी हिंडून बुडालेल्यांची नावं त्यांनीच लिहून आणली होती.

विचारणारा फेरेती राजधानीतून त्यांचं चरित्र लिहायला आला होता. तो स्वतःही कवी होता. नुकतंच बक्षीस मिळालेला.

"त्या वादळावर मीही लिहिलंय. समुद्रानं गिळलेल्या तुमच्या गावच्या दहा-अकरा जणांवर."

"दहा, की अकरा?"

"कवितेत काय फरक पडतो?"

बाईंनी चटई बाजूला सारली. पेटीतून ती नावांची जुनी वही काढली आणि आपल्या गावचं पान उघडून त्याच्यापुढे ठेवली.

"वाच. मोठ्यानं. प्रत्येक नावापाशी थांब."

भर दुपार होती. घराला भिंती नव्हत्या, नुसते लाकडी खांब. तरी वाऱ्याचा पत्ता नव्हता. खांबाखांबाशी बसायला चटया अंथरलेल्या.

"माताउतिया," फेरेतीनं वाचलं.

...

पाणी ठिबकल्याचा आवाज झाला. त्यानं वर पाहिलं. समोरच्या खांबाशी चटई ओली झाली होती. कुणी मांडी घालून बसावं, तेवढीच.

"पुढे," बाई म्हणाल्या.

"सिमिओना."

दुसरी चटई.

लवकर उरकावं म्हणून फेरेतीनं पुढची दोन नावं एका दमात वाचली. काहीच झालं नाही.

"एकदम दोघं कसे येतील? परत म्हण. एकेकाला बोलव."

त्यानं एकेकाला बोलावलं.

दहा नावं झाली तेव्हा घरात खाऱ्या पाण्याचा वास भरला होता. अकराव्या ओळीत तारीख होती, आईचं नाव होतं. पुढची जागा कोरी होती.

"बाई... इथे नाव नाही."

"एका दिवसाचं बाळ होतं. आई नाव ठेवणार, तेवढ्यात लाट आली."

"मग तुम्ही का नाही लिहिलंत?"

"सरकारी माणूस ठेवलेलं नाव लिहितो."

"पण तुम्ही कवी..."

"हो ना. त्याच्यावर एकोणीस कविता झाल्या. नाव सुचलं नाही."

फेरेती उठू लागला, पण त्याला उठवेना. मांडीवरचं कापड हळूहळू ओलं होत होतं. मग वजन जाणवलं. अगदी हलकं, आणि गार.

त्यानं डोळे घट्ट मिटले. इतके शब्द पाठ होते; एकही जवळ येईना.

"बाई... काय नाव ठेवू?"

...

"डोळे उघड आधी. ते कधीचं बघतंय तुझ्याकडे."